सौदामिनीबाईंचं भलं

५ मार्च २०२५, बुधवार

नाव घेतलं. सगळ्या बायकांसमोर घेतलं!

आज राखेचा बुधवार, उपवासाच्या काळाचा पहिला दिवस. चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी महिला मंडळाला थांबवून घेतलं. म्हणाले, या वर्षी उपवासाच्या काळात कोणी चहा सोडला, कोणी गोड सोडलं, असलं काही नको. प्रत्येकीनं मंडळीबाहेरचं एक माणूस धरायचं आणि ईस्टरपर्यंत त्याचं भलं करायचं. "आपल्या गल्लीत ख्रिस्ती माणूस राहतं हे लोकांना आपल्या वागण्यावरून कळलं पाहिजे. पत्रकं वाटून कळत नाही." उभं राहून नाव सांगायचं होतं. कोणी घरमालकाचं घेतलं, कोणी भाजीवालीचं. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं — सौदामिनीबाई.

माझं पाळणाघर कोणी बंद पाडलं ते अख्ख्या मंडळीला माहीत आहे. शिल्पा तर डोळे पुसायला लागली. "किती मोठं मन, मावशी!"

मोठं मन! मनात काय होतं ते माझं मला ठाऊक. पाळकसाहेब बोलता बोलता म्हणून गेले होते, वैऱ्याचं भलं केलं की त्याला आतून चटके बसतात. बाकीचं प्रवचन एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर. चटके तेवढे राहिले.

बसू देत. फोड येईपर्यंत बसू देत!

६ मार्च, गुरुवार

काल लिहिल्यावर वाचलं आणि आणखी राग आला. एकदा सगळं लिहूनच काढते.

वॉर्डातली नर्सची नोकरी संपली. माझे मालक शमुवेल गेले. घर खायला उठलं. म्हणून पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं. आमची गल्ली क्लासवाल्यांची, आई पण क्लासला शिकवायला आणि बाप पण. लेकरं कोणाकडे ठेवणार? माझ्याकडे. दहा-बारा झाली होती. घरात नुसता गोंधळ! लई बरं वाटायचं.

जेवायच्या आधी मी डोळे मिटून हात जोडते. जन्मभर जोडत आले. लेकरं बघायची, ती पण जोडायची. मी कोणाला शिकवलं नाही, लेकरं समोर जे दिसतं ते करतात. गल्लीतल्या मंजुश्रीच्या लेकीनं, उर्वीनं घरी ताटावर बसून डोळे मिटले. एवढंच झालं. आणि गेल्या जूनमध्ये गल्लीत बोभाटा — सिस्टर लेकरांना ख्रिश्चन करून राहिल्या!

आठवड्यात खोली रिकामी. मंजुश्री उर्वीची पिशवी घ्यायला आली तेव्हा वर बघत नव्हती. "समोरून सांगितलं, सिस्टर. घरचे ऐकून न्हाई राहिले."

समोर म्हणजे कोण? समोर एकच घर. रेणुकादास सर, रिटायर हेडमास्तर, आणि त्यांच्या सौदामिनीबाई. कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. रोज संध्याकाळी ओट्यावर उभ्या राहून माझ्या लेकरांकडे बघत राहायच्या. मी तशीच उठले, त्यांच्या फाटकाशी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. अख्खी गल्ली बाहेर आली. त्या फाटक धरून उभ्या. एक शब्द नाही! खोटं काढणारं माणूसच असं गप्प बसतं.

मला पैसा नको, काही नको. ज्या घरांनी लेकरं काढून नेली त्या घरांसमोर त्या बाईनं तोंडानं म्हणायला पाहिजे — मी खोटं बोलले. तेवढं ऐकलं की मी मरायला मोकळी.

९ मार्च, रविवार

सुरुवात केली.

जानेवारीत सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आणि गिळणं पण गेलं, पण ते त्या घरात कोणाच्या ध्यानात नाही. दुपार झाली की समोरून ठसक्याचा आवाज येतो. वरणाचं पाणी पाजतात ना! असल्या पेशंटला पातळ द्यायचंच नसतं. पातळ श्वासात जातं, घट्ट जात नाही. मला पहिल्या दिवशी आवाजावरूनच कळलं होतं. गेले नाही. खोकू दे म्हटलं.

आज चर्चहून आले, ज्वारीच्या कण्या ताकात घट्ट शिजवल्या आणि पातेलं घेऊन सरळ समोर. सोवळ्याओवळ्याचं घर. आयुष्यात मला फाटकाच्या आत बोलावलं नाही, आणि माझं पातेलं त्यांच्या ओट्यावरून आत!

"सिस्टर? तुम्ही?"

"सरांना जेवू घालायला आले."

त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी कारण काढतील. बाजूला झाल्या.

सरांना ताठ बसवलं. हनुवटी खाली. अर्धा चमचा, तो पण डाव्या गालात. गळ्याला बोट लावून बघायचं, गिळलं की मगच पुढचा. अख्खी वाटी गेली. एक ठसका नाही. सर माझ्याकडे असे बघत होते की मलाच कसंतरी झालं. हाडांचा सापळा झाला आहे माणसाचा.

मागे वळून बघते तर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. खांदे हलत होते.

बसला! पहिला चटका.

१० मार्च

गेले. परत रडल्या. मस्त.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. मी निघताना सौदामिनीबाईंनी केळीच्या पानात पुरणपोळ्या बांधून दिल्या. घेतल्या नाहीत. "आमचा उपवासाचा काळ चालू आहे," म्हटलं. उपवासाला पोळी चालत नाही असं कुठं आहे! पण घ्यायची म्हणजे फिटंफाट झाली असती. द्यायचं मी, घ्यायचं त्यांनी. हे असंच राहिलं पाहिजे.

पोळीला तूप चांगलं होतं. वास घरापर्यंत आला.

१९ मार्च, बुधवार

आता पद्धत बसली आहे. गल्लीतल्या बाया टँकरच्या पाण्याला उभ्या असतात तेव्हाच निघायचं. डबा पदराखाली नाही, हातात. रस्त्याच्या मधून. कोणीतरी विचारतंच — कुठं निघाल्या सिस्टर? "समोर. सरांना माझ्याशिवाय जात नाही ना!" मोठ्यानं म्हणते. बाई ओट्यावरून ऐकतात.

काल दुपारी डाळ मिलवाल्यांकडे एक इंजेक्शन द्यायला जायचं होतं, उशीर झाला. तेवढ्यात यांनी स्वतः भरवायला घेतलं. सर निळे पडले म्हणे. मी पोचले तेव्हा बाई पाठ थोपटत होत्या. "मला जमत नाही, सिस्टर. तुम्ही कसं करता ते मला दाखवाल का?"

दाखवलं तर अर्ध्या तासात येईल. एवढी शिकलेली बाई, त्यात काय अवघड आहे. म्हटलं, "याला वॉर्डात वर्षं काढावी लागतात."

नाही दाखवणार.

२३ मार्च, रविवार

पाळकसाहेबांनी आज वेदीवरून माझं नाव घेतलं. "सुवार्ताबाईंकडे बघा. ज्यांनी त्यांचं नुकसान केलं त्यांच्याच दारात रोज जातात. प्रभाव म्हणतात तो असा पडतो." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. खाली बघितलं की नम्र दिसतं.

बाहेर पायऱ्यांवर कमलम्माची गाठ पडली. उदगीरची म्हातारी. नातवाकडे लातूरला राहते आणि सगळ्यांच्या घरात नाक खुपसते.

"सुवार्ता, ती बाई नवऱ्याला स्वतः का भरवून न्हाई राहिली?"

"तिला येत नाही, अम्मा."

"मग शिकव की."

"वेळ लागतो त्याला."

"हाव का? माझ्या मालकाला मी दोन वर्षं भरवलं. एका नर्सबाईनं एका दुपारी शिकवलं मला." काठी टेकून बघत राहिली. "दाव्याला बांधून चारा टाकून राहिलीस तू. ह्येला भलं न्हाई म्हणत."

फाटक्या तोंडाची! तिचं पाळणाघर कोणी बंद पाडलं होतं का? बोलायला काय जातं.

दिवसभर डोक्यातून जाईना.

३० मार्च, रविवार. पाडवा

हे काय भलतंच होऊन बसलं!

मंजुश्रीच्या नवऱ्यानं कुठूनतरी चाकाची खुर्ची आणली सरांसाठी. कोपऱ्यावरच्या हॉस्टेलमधली नीट परीक्षेची पोरं दिवसाआड येतात, सरांना उचलून ओट्यावर उन्हात बसवतात. टँकर आला की सौदामिनीबाईंच्या घागरी कोणीतरी आधी भरून देतं. दोन महिने ते माणूस आत खोकत होतं, कुत्रं फिरकलं नाही. आणि आता? "सिस्टर जातात, मग आपण न्हाई जायचं का?" असं मंजुश्रीनंच सांगितलं मला. कौतुकानं!

मी त्या बाईला एकटी पाडायला निघाले होते आणि अख्खी गल्ली तिच्या दारात नेऊन उभी केली. पाळकसाहेबांना सांगितलं तर टाळ्या वाजवतील.

मंजुश्री गुढीच्या गाठी घेऊन आली होती. खरं काम वेगळंच होतं. "सिस्टर, पाळणाघर पुन्हा सुरू करा की. उर्वी लई आठवण काढून राहिली." मी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हटलं, "समोर विचारलंस का? समोरची परवानगी घेऊन ये."

तोंड पडलं तिचं. काहीतरी बोलायला गेली, पण गिळून टाकलं. गाठी ठेवून निघून गेली.

काय समाधान वाटलं! तासभर वाटलं. मग पुढच्या खोलीत गेले. लेकरांच्या सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या आहेत. एक उलगडून झटकली आणि तिथंच बसून रडले. मला लेकरं पाहिजेत. मला त्यांचा गोंधळ पाहिजे, त्यांची शेंबडी नाकं पुसायला पाहिजेत. पण त्या बाईनं तोंड उघडल्याशिवाय नाही. उघड्या दारानं येतील तर येतील, चोरून आणलेली नकोत.

३ एप्रिल, गुरुवार

सर सुधारत आहेत. गालावर मांस आलं. जिभेचे व्यायाम करून घेते, फुंकर मारायला लावते, आ-ई-ऊ म्हणायला लावते. हेडमास्तर माणूस, शाळेतल्या पोरासारखं मन लावून करतात. आज "पाणी" म्हणाले. स्पष्ट! आम्ही दोघं हसलो.

मग एकाएकी त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेनात. डोळ्यांतून धारा. म्हटलं, "सर, असं करू नका, होईल सगळं नीट." बिचारा सज्जन माणूस. गल्लीत कधी कोणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. आणि पदरात पडली ही असली बायको.

या माणसासाठी मी आता आनंदानं जाते, हे पण लिहून ठेवते. चटके बाईंना, कण्या सरांना.

८ एप्रिल, मंगळवार

आज स्पष्ट सांगितलं.

ईस्टर जवळ आला. रडणं झालं, हात जोडणं झालं, पण ते एक वाक्य काही निघत नाही! रोज वाटतं आज बोलतील. "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?" एवढंच. फेडायचं कसं ते मला विचारा ना!

आज विचारलंच त्यांनी. मी वाटी खाली ठेवली. सर झोपले होते. म्हटलं, "फेडता येईल. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी भंडारा आहे. सगळी घरं असतील. तिथं उभं राहून सांगा, सिस्टरबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं आणि ते मी सांगितलं होतं. नाही सांगितलं तर सोमवारपासून माझी वाट बघू नका."

मला वाटलं भांडतील. नाही म्हणतील, किंवा म्हणतील मी बोललेच नव्हते. काही नाही. भिंतीवरच्या सरांच्या फोटोकडे बघत राहिल्या. सत्कारातला फोटो आहे, शाल-श्रीफळ घेतानाचा. मग विचारलं, "सांगितलं तर याल? ईस्टरनंतरही?"

"येईन. शब्द दिला."

"बरं," म्हणाल्या.

बरं! एवढंच! नाकारलं पण नाही. म्हणजे कबूलच झालं की.

घरी येऊन चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. आनंदानं असेल.

९ एप्रिल

ओट्यावर दिसल्या नाहीत. वाळत घातलेली साडी दिवसभर दोरीवरच.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती

झालं! ऐकलं! या कानांनी ऐकलं!

भंडाऱ्याला मी जाणार नव्हतेच. सरांजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून ओट्यावर त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. देऊळ कोपऱ्यावर, भजनाचा कर्णा आमच्याच बाजूला तोंड करून बांधलेला. पंगत बसली. भजन थांबलं. आणि कर्ण्यातून सौदामिनीबाईंचा आवाज!

मी उभं राहून सांगा म्हटलं होतं. त्यांनी माइक घेतला.

"दोन मिनिटं बोलते. गेल्या वर्षी समोरच्या सुवार्ता सिस्टरांबद्दल गल्लीत एक गोष्ट पसरली. ती खोटी होती. सिस्टरांनी कोणाच्या मुलांना काही शिकवलं नाही. ते खोटं मी सांगितलं होतं. त्यांच्या पाळणाघराचं नुकसान माझ्यामुळे झालं. मी त्यांची सगळ्यांसमोर क्षमा मागते." वर्गात शिकवल्यासारखं स्वच्छ, सावकाश. एकदाच आवाज फाटला, 'मी सांगितलं होतं' म्हणताना.

ओट्यावरून मला अर्धी पंगत दिसत होती. पुरुष सगळे पत्रावळीकडे माना घालून बसलेले. लाज वाटली असेल, त्या बाईचं ऐकून लेकरं काढून नेली होती ना.

सर खुर्चीत हमसाहमशी रडत होते. डावा हात खुर्चीवर आपटत होते. आवाज काढायचा प्रयत्न चालला होता, नुसता घोगरा. मी हात दाबून धरला. "शांत व्हा सर. बायकोचं पाप आहे, तुमचं नाही."

बाई परत आल्या. साडीला घामाचे डाग. मी डबा उचलला. फाटकातून बाहेर पडले तेव्हा गल्लीतल्या बाया मला वाट द्यायला बाजूला झाल्या. जिंकले मी!

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये कळलंच होतं सगळ्यांना. झावळ्या हातात घेऊन मिरवणूक काढली, पण लोक बघत होते माझ्याकडे. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, प्रेमानं काय होतं! कोर्टात जाऊन झालं असतं का हे?" मग म्हणाले, शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना आहे, सात जण बोलतील. पहिला उद्गार क्षमेचा. "तो तुम्हीच घ्यायचा, सुवार्ताबाई. दुसऱ्या कोणाला शोभणार नाही."

हो म्हटलं. कमलम्मा मागच्या बाकावरून बघत होती. तिला मुद्दाम हसून दाखवलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. बाहेर मिरवणुकीचे ढोल. तिघी आया एकदम आल्या, पुढे मंजुश्री. पाळणाघर सुरू करा म्हणतात. आज मात्र मी ताणून धरलं नाही. ईस्टरचा सोमवार सांगितला. सतरंज्या धुवायला काढल्या. भिंत रंगवायला पाहिजे. पिवळी करते.

मंजुश्री जाता जाता दारात घुटमळली. "सिस्टर, सौदामिनीकाकूंवर आता राग धरू नका. बास झालं त्यांना." म्हटलं, मी कुठं धरला? मी तर रोज जेवू घालते!

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

बोलले. चांगली बोलले म्हणतात. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना माफ कसं करायचं यावर पाच-सात मिनिटं. सौदामिनीबाईंचं नाव घेतलं नाही, पण गोष्ट त्यांचीच सांगितली. फाटकाशी भांडण, कण्यांचं पातेलं, माइक. शिल्पा स्फुंदत होती. पुढे बोलायला आलेल्या काकांनी आपला कागदच दुमडून ठेवला, म्हणाले, आता यावर मी काय बोलू?

शेवटी पाळकसाहेब बोलले. दुसऱ्याचा आरोप स्वतःवर घेऊन गप्प उभं राहणं, वगैरे. दरवर्षीचंच. उकडत होतं, पंखे बंद, मला जरा डुलकी लागली.

घरी येऊन समोर गेले, भरवून आले. सर खात नाहीत नीट. शनिवारपासून तोंड मिटून घेतात. बाईंना म्हटलं, यांना तुमच्या बोलण्याचा धक्का बसला. आता काही बोलतच नाहीत त्या. मला वाटलं होतं त्यांना असं बघून रोज बरं वाटेल. पहिले दोन दिवस वाटलं.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चला गेले नाही.

निघायच्या आधी सरांचं उरकावं म्हणून सकाळीच समोर गेले. पहिला चमचा पुढे केला तर सरांनी डाव्या हातानं तो ढकलला. ओठ हलवायला लागले. मी थांबले. एकेक शब्द ओढून काढत होते, जीव जातो की काय असं वाटत होतं.

"मी. फोन. मी केले. ती... नाही."

मला कळलंच नाही. म्हटलं, कुठले फोन, सर?

"पोरांच्या... बापांना. मी."

सौदामिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात कढई. त्यांच्याकडे बघितलं आणि सगळं कळलं. पुरुष माना खाली घालून का बसले होते ते कळलं. मंजुश्री काय गिळून गेली ते कळलं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

सर माझ्यासमोर, मान वर करून. चमचा माझ्या हातात. एवढा राग मला आयुष्यात आला नाही. पातळ पाण्याचा एक घोट पुरला असता.

"माइकवर का बोललात?" मी बाईंना विचारलं. "सांगायचं होतं मला, हे मी केलं नाही म्हणून!"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

केलं असतं. हो, केलं असतं!

त्यांनी कढई खाली ठेवली आणि आमच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, आधी त्यांचं जेवण होऊ द्या. मग काय बोलायचं ते मला बोला."

मी भरवलं. अर्धा चमचा, डाव्या गालात. गळ्याला बोट लावून, गिळलं की मगच पुढचा. वाटी अर्धी झाली. सहा आठवडे त्या घरात गेले आणि जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुम्ही जेवता कधी, बाई?"

"तुम्ही गेल्यावर," म्हणाल्या. "तुम्ही असताना घास उतरत नाही."

मी त्यांना माझ्या जागेवर बसवलं. चमचा त्यांच्या हातात दिला, हनुवटी कशी धरायची ते दाखवलं, आणि लवकर घरी आले.